बॉनेटमधला उंदीर आणि सीटच्या खिशातले विष

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयात चार वर्षांची एक मुलगी आली. उंदरांनी कारच्या वायरी दोनदा कुरतडल्या म्हणून वैतागलेल्या वडिलांनी उंदीर मारायची पेस्ट आणली होती. पावाच्या तुकड्यांना लावून ती इंजिनाजवळ ठेवली आणि उरलेली ट्यूब सीटच्या मागच्या खिशात. मुलीला ती टूथपेस्ट वाटली. रात्री उलट्या झाल्या, सकाळी मात्र ती खेळू लागली, म्हणून घरचे निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, तेव्हा कुठे ट्यूबची आठवण झाली. यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवेपर्यंत ती बेशुद्ध झाली होती. ती वाचली नाही.

या पेस्टमध्ये बहुधा पिवळा फॉस्फरस असतो. त्याचा दगा असा, की पहिल्या दिवसाच्या उलट्या, पोटदुखी थांबल्यावर एक-दोन दिवस रुग्ण अगदी बरा वाटतो. त्याच काळात यकृताची नासाडी चालू असते. मग कावीळ, रक्तस्राव, ग्लानी. यावर उतारा नाही. म्हणून पेस्ट तोंडात गेल्याची नुसती शंका आली, तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि ट्यूब सोबत न्यावी. ‘विष उतरावे’ म्हणून दूध किंवा तूप पाजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. फॉस्फरस स्निग्ध पदार्थांत विरघळतो आणि मग शरीरात अधिक शोषला जातो, त्यामुळे हे मुळीच करू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणेही टाळावे.

शिवाय, विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरतो, हा समज चुकीचा आहे. तो इंजिनाच्या एखाद्या बेचक्यात किंवा एसीच्या वाटेत मरतो आणि आठवडाभर गाडीत बसवत नाही.

उंदीर तिथे जातात ते पावसात बिळात पाणी शिरते म्हणून, आणि बंद केलेले इंजिन बराच वेळ ऊबदार व कोरडे राहते म्हणून. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजवायला काहीतरी कुरतडावेच लागते, मग वायरचे आवरण चालते, एसीचा फिल्टरही चालतो. गाडी कचराकुंडीशेजारी लावलेली, आत सांडलेला फरसाण आणि आठ-आठ दिवस एकाच जागी उभी, असे असेल तर आमंत्रणच. या तीन गोष्टी आधी बदलाव्यात. गाडीजवळ साधा पिंजरा लावावा आणि मेकॅनिककडून हवा आत येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवून घ्यावी. तंबाखूची पाने आणि कापूर यांचा वास दोन-चार दिवसांत उडून जातो. डांबराच्या गोळ्या मी ठेवू देत नाही. त्यांची वाफ एसीतून आत येते आणि गोळी तोंडात घालणारी मुले गाडीतच बसलेली असतात.

उंदरामागोमाग साप येतो. बहुतेक वेळा ती बिनविषारी धामण असते, पण घोणस किंवा नागही असू शकतो. अंधारात बॉनेट उघडून चाचपडणाऱ्या हाताला ते ठरवता येत नाही. म्हणून आधी टॉर्च मारून पाहावे. साप दिसला, तर बॉनेट तसेच सोडून दूर व्हावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावलाच, तर अंगठी आणि घड्याळ काढावे, हात हलवू नये, आवळून बांधू नये, कापू नये आणि १०८ ला फोन करावा. साप पकडून आणायची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आमच्याकडे एकच लस असते.

मांजराचे पिल्लू आत अडकले, तर त्याला ओढून काढणारे हमखास ओरबाडून घेतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल, तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. घरातला उंदीर चावला, तर रेबीजची लस सहसा लागत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र घ्यावे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘उंदीर चावला होता’ हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.

घरटे आणि लेंड्या साफ करताना झाडू किंवा हवेचा पाइप वापरू नये, सगळी धूळ नाकात जाते. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची जोडणी काढावी, हातमोजे घालून घाण ब्लीचच्या पाण्याने ओली करावी, पाच मिनिटांनी कागदाने टिपून पिशवीत बांधावी. हाताला चीर असेल, तर हे काम दुसऱ्याला द्यावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस त्याच वाटेने शिरतो.

आमच्या सोसायटीत आता वॉचमनच सकाळी निघणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर दोन थापा मारतो आणि मिनिटभर थांबायला लावतो. परवा माझ्या गाडीखालून दोन पिल्ले बाहेर आली. मला ओपीडीला उशीर झाला.