वाड्यातील वाय-फाय : जुना संगणक की स्वतंत्र यंत्र?

इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमच्या मंडळाचे वाचनालय एका वाड्यात आहे. दोन हात जाडीच्या भिंती वैशाखात थंडावा देतात, वाय-फायच्या लहरींची वाट मात्र अडवितात. संध्याकाळी येथे स्पर्धा परीक्षांची पंधरा-वीस मुले अभ्यासास बसतात. त्यांच्यासाठी इंटरनेटची सोय करण्याचे ठरले, तेव्हा कपाटाशेजारी धूळ खात पडलेल्या संगणकाचे नाव आम्हीच सुचविले. पदरचा पैसा न मोडता काम भागविण्याची आमची खोड जुनीच!

काम भागलेही, पण थोडेच दिवस. विंडोजची 'मोबाइल हॉटस्पॉट' ही सोय एका वेळी आठच उपकरणे जोडून घेते, हे नववा मुलगा हिरमुसला तेव्हा आम्हांस उमगले. लिनक्सवर 'होस्टएपीडी' ही विनामूल्य प्रणाली घातली की ती अट सुटते. आमच्या भाच्याने तेही केले. परंतु संगणकातील वाय-फायचे कार्ड मुळात दुसऱ्याच्या जाळ्यात शिरण्यासाठी घडविलेले असते, अनेकांना सांभाळण्यासाठी नव्हे. पुष्कळ कार्डे 5 गिगाहर्ट्‌झवर हे काम करूच देत नाहीत. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांनी गजबजलेल्या 2.4 गिगाहर्ट्‌झवरच निभवावे लागते. त्यातच अर्जाच्या अखेरच्या दिवशी तापलेला संगणक वारंवार बंद पडला आणि एका मुलीचा अर्ज राहून गेला. ती काही बोलली नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

त्यानंतर दोन अ‍ॅक्सेस पॉइंट आणले. एक वाचनखोलीच्या तक्तपोशीला, दुसरा भिंतीपलीकडे ओसरीत. इंटरनेटच्या केबलमधूनच त्यांना वीजही मिळते आणि ती केबल 100 मीटरपर्यंत नेता येते; संगणक असा छताला कोण टांगणार? विजेचा हिशेबही आम्ही उशिराच मांडला. 60 वॅट घेणारा संगणक अहोरात्र चालला तर दिवसाला सुमारे दीड युनिट जाळतो. 10 वॅटचा अ‍ॅक्सेस पॉइंट पाव युनिटही नाही.

घरी दोन-तीनच फोन असतील व गरज घटकाभराची असेल, तर संगणकाचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. त्यासाठी वाचकांनी उगाच खर्चात पडू नये. आमचा संगणकही आम्ही मोडीत काढला नाही. आता तो तारेने जोडलेला असून त्यावर ग्रंथसूची चढविण्याचे काम चालू आहे. कादंबऱ्या संपल्या, नाटके सुरू आहेत.