वेबसाइटच्या किल्ल्या कोणाकडे?



माझ्या कार्यक्षेत्रातील एका हापूस उत्पादक गटाने वेबसाइट काढली आणि पेट्यांवर तिचा पत्ता छापला. मुंबई-पुण्याचे ग्राहक त्यावर भाव पाहून थेट मागणी नोंदवू लागले. हे काम एका सभासदाच्या मुलाने हौसेने, एक पैसा न घेता केले होते. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. मार्चमध्ये नवा भाव टाकायची वेळ आली, तेव्हा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. मुलगाही विसरला होता. नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी त्याच्या जुन्या मोबाइलवर जाणार, आणि तो नंबर बंद पडलेला. कागदपत्रे पाठवून ताबा मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर वेबसाइटवर गेल्या सालचाच भाव होता, आणि शब्द राखायचा म्हणून गटाने त्याच भावाने पेट्या दिल्या. वेबसाइट काढण्याचा सल्ला माझाच होता. पण किल्ल्या कोणाकडे राहणार, हे विचारायचे मलाही सुचले नाही.

किल्ल्या तीन

पहिली किल्ली डोमेन नावाची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची. हे सातबाऱ्यासारखे आहे. नोंद कोणाच्या नावे, ते महत्त्वाचे. वेळेवर नूतनीकरण केले नाही तर नाव हातचे जाते. दुसरी होस्टिंग खात्याची. होस्टिंग म्हणजे वेबसाइटची पाने ठेवण्याची भाड्याची जागा. तिसरी, घरच्या संगणकावरील पाने त्या जागेत चढवण्याची. तिन्हींना एकच पासवर्ड देऊ नये. एक फुटला की तिन्ही दारे उघडी पडतात.

पोस्टकार्ड नको, पाकीट हवे

पाने चढवण्याची जुनी पद्धत एफटीपी. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभय भूषण यांनी अमेरिकेत असताना १९७१ साली ती प्रथम लिहून काढली. तेव्हा जोडलेले संगणक मोजके होते. या पद्धतीत पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. एसएफटीपी पद्धतीत तो बंद पाकिटातून जातो. आपली होस्टिंग कंपनी ती सोय देते का, हे विचारून घ्यावे.

२००९ साली ‘गम्बलार’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड चोरून हजारो वेबसाइट बिघडवल्या. म्हणून सायबर कॅफेतून पाने चढवू नयेत, आणि पाने चढवण्याच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड साठवून ठेवू नये.

पासवर्ड कसा असावा?

तो लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. गावाचे नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर टाळावा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणन संस्थेने २०१७ साली सांगितले, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. फुटल्याचे दिसले की मात्र बदलावा. काम पाहणारा माणूस सोडून गेला, तर त्याच दिवशी बदलावा. यात त्याच्यावर अविश्वास नाही. उद्या काही बिघडले तर त्याच्यावर आळ येत नाही.

गटाने काय करावे?

तिन्ही खाती गटाच्या स्वतंत्र ईमेलवर आणि गटाच्याच मोबाइल नंबरवर काढावीत. पासवर्ड व नूतनीकरणाची तारीख एका वहीत लिहून ती कपाटात कुलपात ठेवावी. अध्यक्ष आणि खजिनदार दोघांनाही ती उघडता यावी. खात्याला ओटीपीचे दुसरे कुलूप जरूर लावावे. त्या वेळी मिळणारे राखीव संकेतांक वहीतच उतरवावेत. फोनवर कोणी ओटीपी मागितला, तर तो कितीही ओळखीचे नाव सांगो, देऊ नये.

मोहोराच्या आधी आपण फवारणीचा पंप चालवून पाहतो. त्या गटात आता दर दिवाळीला वही बाहेर निघते. एरवी वेबसाइट न हाताळणाऱ्या खजिनदारबाई तिच्यात पाहून तिन्ही कुलपे उघडतात आणि पानावर एक ओळ बदलून दाखवतात. त्यांना जमले, की वही पुन्हा कपाटात जाते.