नाच ‘बसवायचा’ की ‘सुचू द्यायचा’?

मुलांनो, डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून एकच गडबड सुरू होते. स्नेहसंमेलन! बाई वर्गावर येतात आणि विचारतात, “नाचात कोण कोण?” चाळिसातले पस्तीस हात वर होतात. त्यातले आठ निवडले जातात. मग ते आठ जण महिनाभर एकाच गाण्यावर एकसारखे हात आणि एकसारखे पाय करतात. उरलेले सत्तावीस खिडकीतून बघतात. आणि ज्या पाच जणांनी हात वर केलाच नाही, त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षही जात नाही.

आता संमेलनातला नाच वाईट असतो, असं मुळीच नाही हं! ठेक्यावर सगळ्यांची पावलं एकदम पडतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण आज मी तुम्हाला नाचाच्या एका वेगळ्या तासाबद्दल सांगणार आहे. या तासाला निवड नसते. चाळीसच्या चाळीस मुलं नाचतात. एकाचा नाच दुसऱ्यासारखा नसतो, आणि तरी कुणाचं चुकत नाही. याला म्हणतात सर्जनशील नृत्य. सोप्या भाषेत सांगायचं तर, आपला आपण रचलेला नाच.

“म्हणजे नुसता धिंगाणाच की!” असं तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणणार. तुमचे आईबाबा तर म्हणतीलच. पण जरा थांबा. मी तिसरीला शिकवते आणि अनुभवावरून सांगते, या तासाची आखणी गणिताच्या तासाइतकीच नीट करावी लागते. ती कशी, तेच आज पाहू या.

हालचालींची बाराखडी

भाषेला बाराखडी असते. मग हालचालींनाही असेल का? या प्रश्नाच्या मागे रुडॉल्फ लाबान नावाचे एक गृहस्थ जन्मभर लागले होते. त्यांचा जन्म १८७९ सालचा, आज स्लोव्हाकियाची राजधानी असलेल्या ब्रातिस्लाव्हा शहरातला. त्यांनी बरीच वर्षं जर्मनीत नृत्याचं काम केलं. गाणं जसं स्वरलिपीत लिहून ठेवतात, तसा नाच कागदावर लिहून ठेवण्याची एक लिपी त्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केली. १९३८ साली ते इंग्लंडला आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यांमधले कामगार कसे वाकतात, ओझं कसं उचलतात, कसं ढकलतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. आणि १९४८ साली शाळेतल्या नृत्यशिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. तेव्हापासून इंग्लंडमधल्या कितीतरी शाळांत मुलं या पद्धतीनं नाचू लागली.

लाबान म्हणायचे, कुठलीही हालचाल घ्या आणि तिला प्रश्न विचारा. जोर किती? जोरकस की हलकी? वेळ किती? झटकन की सावकाश? वाट कशी? सरळ की वळणावळणाची? चौथाही एक प्रश्न आहे, हालचाल मोकळी वाहते की अडवून धरलेली आहे? पण आपण सध्या पहिले तीनच घेऊ.

प्रत्येक प्रश्नाची उत्तरं दोन. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, किती झाले? आठ! लाबान यांनी या आठ हालचालींना नावं दिली. त्या तुमच्या रोजच्या ओळखीच्याच आहेत, बघा:

ठोसा मारणं – जोरात, झटकन, सरळ.
फटकारणं – जोरात, झटकन, वळणानं. जमिनीवर सपकन चाबूक ओढावा तसं.
ढकलणं – जोरात, सावकाश, सरळ. जड कपाट सरकवताना.
पिळणं – जोरात, सावकाश, वळणानं. ओली चादर पिळताना.
टिंब देणं – हलकेच, झटकन, सरळ. रांगोळीचे ठिपके काढताना.
झटकणं – हलकेच, झटकन, वळणानं. ओल्या बोटांवरचं पाणी उडवताना.
सरकणं – हलकेच, सावकाश, सरळ. शांत पाण्यावरून जाणारी होडी आठवा.
तरंगणं – हलकेच, सावकाश, वळणावळणानं. वाऱ्यावर उडणारी म्हातारी!

आहे की नाही गंमत? या आठ हालचाली पायांनी करून पाहा, खांद्यांनी करा, नुसत्या मानेनं करा. पाठीनं “पिळणं” करून बघा बरं! बाराखडी हाती आली की शब्द तुमचे तुम्हीच तयार कराल.

आपल्याकडेही हेच

हे सगळं परदेशातून आलेलं आहे, असं मात्र समजू नका. मंगळागौरीचे खेळ आठवा. त्यात किसणं आहे, लाटणं आहे, कोंबड्यासारखं उड्या मारणं आहे. कोळीनृत्यात वल्ही मारण्याची हालचाल असते. वारली लोक तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांना धरून फेर धरतात, तेव्हा त्या रांगेची गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळी होते. रोजच्या कामातून आणि भोवतालच्या जगातून नाच सुचतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलंच ठाऊक होतं.

आणि उदयशंकर यांचं नाव तर तुमच्या आजी-आजोबांनी नक्की ऐकलेलं असेल. जन्म १९०० सालचा. १९२३ साली लंडनमध्ये जगप्रसिद्ध नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांच्याबरोबर ते नाचले. पुढे हिमालयाच्या कुशीत, अल्मोड्याला त्यांनी एक कलाकेंद्र काढलं. तिथे कथकली, भरतनाट्यम, मणिपुरी यांचे मोठे गुरू शिकवत आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संगीत शिकवत. पण गुरूंकडून शिकायचं आणि आपलं आपण रचायचंही, अशी तिथली रीत होती. नंतर मोठे चित्रपट-दिग्दर्शक झालेले गुरुदत्त तिथलेच विद्यार्थी. कामगार आणि यंत्रं या विषयावरही उदयशंकर यांनी नृत्यरचना केली होती. त्यांचा ‘कल्पना’ हा चित्रपट आला १९४८ साली. म्हणजे लाबान यांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी!

चाळीस मिनिटांची आखणी

आता तासाकडे वळू. बाकं भिंतीला लावायची. जमत नसेल तर व्हरांडा किंवा अंगण चालतं. आधी जमीन तपासायची. खडे, खिळे, ओल काही नको. सगळे अनवाणी, कारण मोज्यांवर पाय घसरतो. आणि जेवण झाल्या झाल्या हा तास ठेवायचा नाही.

नियम दोनच. पहिला, प्रत्येकाभोवती एक न दिसणारा फुगा आहे, तो दुसऱ्याच्या फुग्याला लागता कामा नये. दुसरा, खंजिरी थांबली की सगळे पुतळे! या दुसऱ्या नियमावरच सगळा तास उभा आहे. पळणं कुणालाही येतं, पण जागच्या जागी थांबता येणं ही नाचणाऱ्याची पहिली परीक्षा. पहिल्या तासाला आम्ही नुसतं “चाला-थांबा” एवढंच दहा मिनिटं खेळतो.

मग तासाचे टप्पे असे:

पहिली ५ मिनिटं अंग जागं करायचं. बोटांपासून सुरुवात, मग मनगट, कोपर, खांदे, कंबर, गुडघे, पावलं.
पुढची १० मिनिटं आजचा शब्द शोधायचा. एका तासाला एकच शब्द किंवा एकच जोडी. उदाहरणार्थ “पिळणं आणि झटकणं”.
पुढची ५ मिनिटं एखादं कसब. तोल सांभाळणं, आवाज न करता उडी मारून उतरणं, जमिनीवर अलगद बसणं.
मग १२ मिनिटं गटात रचना. पाच-पाच जणांचे गट.
५ मिनिटं दाखवणं आणि बघणं.
शेवटची ३ मिनिटं आडवं पडून डोळे मिटायचे आणि आपला श्वास ऐकायचा.

बेरीज करून पाहा, बरोबर चाळीस!

आमचा “धुण्याचा नाच”

एक तास प्रत्यक्षच पाहू या. शब्द होते “पिळणं आणि झटकणं”. मी फळ्यावर पाच गोष्टी लिहिल्या: भिजणं, घासणं, पिळणं, झटकणं, वाळणं. आणि विचारलं, “तुम्ही आज कपडे आहात. कुठला कपडा ते मनात ठरवा. तो भिजून जड झाला की कसा दिसतो?”

या तासात बाई करून दाखवत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. का, सांगू? बाईंनी हात वर केला की चाळीस हात तस्सेच वर जातात! म्हणून मी विचारत गेले, “पिळताना कुठून सुरुवात होते? डोक्याकडून की पायाकडून? झटकल्यावर पाणी कुठे उडालं?” कुणी आजीचं लुगडं झालं, कुणी बाबांची जाड पँट. एक मुलगा म्हणाला, “मी हातरुमाल आहे, मला पिळायला दोन बोटंच पुरतात.” आणि त्यानं सगळं पिळणं फक्त दोन बोटांत करून दाखवलं.

मग गट पडले. प्रत्येक गटाला सांगितलं, “तुमच्या नाचाला सुरुवातीचा पुतळा हवा, मध्ये तीन हालचाली हव्यात आणि शेवटचा पुतळा हवा.” बस, एवढंच. एका गटानं शेवटी सगळ्यांनी मिळून एका चादरीची घडी केली, तीही स्वतःचीच!

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वर्गात फारसं बोलत नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. तिची पाळी आली तेव्हा तिनं हातांनी काही केलंच नाही. पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून घोटा, गुडघा, कंबर, खांदे, मान असं सगळं अंग हळूहळू पिळत नेलं. मग क्षणभर थांबली आणि एकदम सुटली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मधल्या सुट्टीत दोन मुली तिला म्हणाल्या, “ए, ते पायापासूनचं आम्हाला शिकव ना!” आठ जणांच्या निवडीत ती कधीच आली नसती.

बघणाऱ्यांनाही काम असतं बरं का! नुसतं “छान” म्हणायचं नाही. “मला अमुक दिसलं” असं सांगायचं. “तू मध्येच थांबलीस ते मला आवडलं, कारण पुढे काय होणार ते कळेना.” असं सांगणारा आधी नीट बघायला शिकतो.

काही शंका

“नाच काय मुलींचा!” असं म्हणणारे वीर दर वर्षी भेटतात. त्यांना मी यंत्राचा नाच देते. एक जण दट्ट्या, एक चाक, एक पट्टा, आणि एकाची हालचाल थांबली की सगळं यंत्र बंद. पुढच्या आठवड्यात हेच वीर आधी विचारतात, “बाई, आज नाच आहे ना?”

ज्याला पळता येत नाही, जो चाकाच्या खुर्चीवर बसतो, त्याचं काय? तरंगणं, पिळणं, टिंब देणं हे बोटांनी, मानेनं, नजरेनंही होतं. म्हणून “उड्या मारा” ऐवजी “उंच जा” म्हणायचं. उंच कसं जायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एखाद्याला आज नाचावंसंच वाटत नसेल, तर त्यानं खंजिरी वाजवावी. मात्र पुढच्या तासाला त्याला पुन्हा विचारायचं. आणि जोडीत हात धरायचा असेल तर आधी विचारायचं. समोरचा “नको” म्हणाला तर हाताच्या अंतरावरून नाचायचं.

पालकांची शंका वेगळी असते, “याचा अभ्यासाला काय उपयोग?” आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही कला इतर विषयांशी जोडून शिकवायला सांगितलं आहे. घन, द्रव, वायू यांचे कण कसे हलतात, हे नाचून बघितलेलं मूल सहसा विसरत नाही. पण आईबाबांनो, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं: वही, पुस्तक, परीक्षा यांत बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही आणि जे आपल्यालाच शोधायचं आहे, असा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या वाट्याला यायला हवा. मोबाइलवरचं रील बघून नाच उचलता येतो, त्यातही मेहनत आहेच. पण तो दुसऱ्याला सुचलेला असतो.

आता तुमची पाळी

तर मुलांनो, या रविवारी एवढं करा. घरात काम करणाऱ्या कुणालाही पाच मिनिटं नीट बघा. भाकरी थापणारी आई असेल, सायकल पुसणारे बाबा असतील, वाती वळणारी आजी असेल. त्यांच्या तीन हालचाली निवडा. एक खूप मोठी करा, एक खूप सावकाश करा, एक भलत्याच अवयवानं करा. सुरुवातीला एक पुतळा, शेवटी एक पुतळा. झाला तुमचा नाच!

मग ज्यांचं काम बघितलंत त्यांनाच तो दाखवा आणि विचारा, “ओळखा पाहू, मी कोण?” आजी हसून पदर खोचून उभी राहिली, तर तिलाही गटात घ्या. तिच्याजवळ मंगळागौरीची पोतडी आहे, ती तुम्हाला हरवेल कदाचित!