आधी सॉफ्टवेअर, मग लॅपटॉप

दुकानात गिऱ्हाईक आले आणि कापड दाखवा म्हणाले, की आम्ही आधी विचारतो, काय शिवायचे आहे? अस्तराचे कापड वेगळे, शर्टिंगचे वेगळे. हाच सवाल आम्ही लॅपटॉप घेताना स्वतःला विचारला नाही आणि चांगलेच नुकसान करून घेतले.

आमचा भाचा भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइनचे पंचिंग करतो. त्याच्यासाठी आम्ही वजनाला हलका, बॅटरी दिवसभर टिकणारा लॅपटॉप पसंत केला. विंडोज आहे ना, एवढेच विचारले. घरी आणला तर पंचिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल तो ओळखेना. डोंगल म्हणजे यूएसबीला लावायची किल्ली. तिच्याविना सॉफ्टवेअर उघडतच नाही. दुकानदार वापरलेला माल परत घेईना. ईदच्या तोंडावरचे काम बाहेरून पैसे देऊन करून घ्यावे लागले.

मागाहून उलगडा झाला. विंडोजचे लॅपटॉप आता दोन जातींच्या प्रोसेसरवर मिळतात. इंटेल आणि एएमडी ही एक जात, स्नॅपड्रॅगनसारखे एआरएम प्रोसेसर ही दुसरी. पहिल्या जातीसाठी बनलेली बरीच सॉफ्टवेअर दुसरीवर चालतात, परंतु डोंगल किंवा जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर खास एआरएमसाठी बनविलेलेच लागतात. जुन्या डोंगलला ते कोठून मिळणार?

तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी आपण रोज कोणती सॉफ्टवेअर वापरतो, कोणत्या आवृत्तीची, हे कागदावर लिहावे. नुसते टॅली असेल तर महागड्या ग्राफिक्स कार्डावर एक पैसा घालू नये. ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. मात्र टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, मॅक किंवा क्रोमबुक घेऊन ते सरळ चालणार नाही. उर्दू मजकुरासाठी इनपेज वापरणाऱ्यांनीही विंडोजच घ्यावे. बिले करणाऱ्या मुलाला आकड्यांच्या वेगळ्या कळा हव्यात. त्या बहुधा १५.६ इंचाच्या लॅपटॉपवर असतात, छोट्यावर नसतात. शंभर बिले करणाऱ्याला याची किंमत विचारा!

कोरलड्रॉ, फोटोशॉपवर छपाईची डिझाइने करणाऱ्यांचा मामला निराळा. तेथे १६ जीबी रॅम हवी, आणि पडद्याकडे विशेष लक्ष द्यावे. स्वस्त पडदे पुष्कळदा ४५ टक्के एनटीएससीचे असतात, त्यांवर लाल रंग मरगळलेला दिसतो. डिझाइनर तो गडद करीत जातो आणि ताका छापून आला की पार्टी माल नाकारते. शंभर टक्के एसआरजीबीचा पडदा मागावा. रॅम पुढे वाढविता येते की बोर्डावरच पक्की बसविली आहे, हेही विचारून घ्यावे.

जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतो म्हणून भुलू नये. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसर साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा.

खरेदीला जाताना डोंगल खिशात न्यावा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आधी फोन करून मॉडेल सांगावे. भाच्याने आता इंटेलचा, जाडजूड, वापरलेला लॅपटॉप घेतला आहे. आमचा तो नाजूक लॅपटॉप पेढीवर मेल पाहण्यापुरता पडून असतो.