हरवलेलं पॅनेल आणि रीसेटची भीती

लग्नसराईत फोटो स्टुडिओत किंवा निवडणुकीच्या दिवसांत फ्लेक्सच्या दुकानात हे हमखास घडतं. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं असतं, पडद्यावर काम अर्धं झालेलं असतं आणि ऑपरेटरकडून एखादी कळ चुकून दाबली जाते. लेअरचं पॅनेल नाही, टूलबार नाही. उरतो तो करड्या पार्श्वभूमीवरचा नुसता फोटो. मग आजूबाजूने सल्ले सुरू होतात. सॉफ्टवेअर करप्ट झालं, काढून पुन्हा टाका, सरळ फॉरमॅट मारा. यातल्या कशाचीही गरज नसते.

बहुतेक वेळा दाबली गेलेली कळ टॅब असते. फोटोशॉपमध्ये टॅब दाबलं की टूलबार, वरची ऑप्शन्सची पट्टी आणि सगळी पॅनेल एकदम लपतात. पुन्हा दाबलं की जशीच्या तशी परत येतात. शिफ्टसह टॅब दाबलं तर टूलबार आणि ऑप्शन्सची पट्टी जागेवर राहतात, बाकीची पॅनेल तेवढी जातात. दुसरी कळ एफ. ती पडद्याची पद्धत बदलते: आधी मेन्यूसह पूर्ण पडदा, मग मेन्यूही नाही. मेन्यूच दिसेनासा झाला की माणूस खरा घाबरतो, पण एस्केप दाबलं की सगळं पूर्ववत होतं. या कळा चुकून का दाबल्या जातात, यालाही कारण आहे. टाइप टूल निवडलेलं नसताना कोणी मजकूर टाइप करायला लागलं, तर फोटोशॉप प्रत्येक अक्षराला शॉर्टकट समजतं. चार अक्षरांत टूल बदलतं, ब्रशचा आकार बदलतो आणि त्यात एफ आला की पडदाही बदलतो. उलट कर्सर मजकुरात किंवा एखाद्या चौकटीत अडकलेला असताना टॅब दाबून पॅनेल येत नाहीत. आधी एस्केप किंवा कॅनव्हासवर क्लिक, मग टॅब.

‘काढून पुन्हा टाकलं की सगळं नव्यासारखं होतं’ हा समज तर वेळ खाणारा आहे. पॅनेलची मांडणी प्रोग्रामच्या फोल्डरात नसते, ती वापरकर्त्याच्या खात्यात असते. विंडोजवर ‘ॲपडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात, ‘रोमिंग’च्या आत फोटोशॉपच्या सेटिंग्जचा स्वतंत्र संच असतो. फोटोशॉप काढताना प्रेफरन्सेस ठेवायच्या की पुसायच्या, असा प्रश्न विचारला जातो. ‘ठेवा’ म्हटलं, तर दोन तास खर्चून टाकलेलं नवं फोटोशॉप तीच जुनी विस्कटलेली मांडणी घेऊन उघडू शकतं.

कंट्रोल आणि झेड दाबून बंद झालेलं पॅनेल परत येईल, अशीही आशा असते. ते येत नाही. अनडू चित्रात केलेल्या बदलांसाठी आहे. पॅनेल ओढणं, बंद करणं, मिटवणं याची हिस्टरीत नोंदच होत नाही. घाबरून चारपाच वेळा कंट्रोल-झेड दाबणाऱ्याच्या हाती पॅनेल लागत नाही, आधीची मेहनत मात्र एकेक पायरी मागे जाते. बंद झालेलं पॅनेल ‘विंडो’ मेन्यूत असतं. तिथे प्रत्येकाचं नाव आहे, उघड्या पॅनेलसमोर बरोबरची खूण आहे. लेअरच्या पॅनेलसाठी तर एफ ७ ही एकच कळ पुरते.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘रीसेट’ या शब्दाभोवती आहे, आणि तो उलगडून सांगायलाच हवा. फोटोशॉपमध्ये रीसेट तीन ठिकाणी भेटतो. ‘विंडो’ मेन्यूतल्या ‘वर्कस्पेस’मध्ये ‘रीसेट एसेन्शियल्स’ असतं; वर्कस्पेस म्हणजे पॅनेलची मांडणी आणि एसेन्शियल्स ही फोटोशॉपची मूळ मांडणी. ते फक्त मांडणी जागेवर आणतं. उघडी फाइल, तिचे लेअर, हिस्टरी, ब्रश, ॲक्शन यांना ते हात लावत नाही, त्यामुळे काम चालू असतानाही बिनधास्त वापरावं. दुसरा रीसेट टूलचा. ऑप्शन्सच्या पट्टीत डावीकडे दिसणाऱ्या टूलच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की ‘रीसेट टूल’ आणि ‘रीसेट ऑल टूल्स’ मिळतात. क्रॉप भलत्याच मापात होतोय किंवा ब्रश फिकट उमटतोय, अशा वेळी हा उपयोगी. तिसरा प्रेफरन्सेसचा, आणि खबरदारी घ्यायची ती इथे. फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून ठेवलं, की सेटिंग्जची फाइल पुसायची का, असं विचारलं जातं. ‘हो’ म्हटलं की फोटोशॉप स्वतःच्या मूळ सवयींवर जातं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात एक खास अडचण आहे. २०२२च्या आधीच्या अनेक आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळण्यासाठी प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारं इंजिन निवडावं लागतं. त्यांतल्याच नंतरच्या काही आवृत्त्यांत त्याला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ म्हटलं आहे. प्रेफरन्सेस रीसेट झाल्या की ही निवडही मूळपदावर जाते. मग नव्याने टाइप केलेल्या मजकुरात पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी पडतात आणि दोष फाँटला दिला जातो. एका हरवलेल्या पॅनेलसाठी हा तिसरा रीसेट कधीच करू नये. करायचाच झाला, तर आधी सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी आणि स्वतः तयार केलेल्या ॲक्शन ‘सेव्ह ॲक्शन्स’ने वेगळ्या फाइलमध्ये काढाव्यात.

‘एसेन्शियल्सवर क्लिक केलं, तरी मांडणी तशीच राहिली, म्हणजे नक्की बिघाड आहे,’ असंही ऐकू येतं. यामागे एक जुनी सोय आहे. स्वतःची मांडणी नावाने जतन करता येऊ लागली ती २००२च्या फोटोशॉप ७पासून. २०१०मध्ये सीएस ५ आलं आणि फोटोशॉप प्रत्येक वर्कस्पेसमधले बदल आपोआप लक्षात ठेवू लागलं. म्हणजे एसेन्शियल्समध्ये चार पॅनेल हलवून तुम्ही दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये गेलात आणि परत आलात, तर ती हललेलीच दिसणार. मूळ मांडणी हवी असेल, तर रीसेटच म्हणावं लागतं. मूळ प्रत आणि बदललेली प्रत वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात, म्हणून तर रीसेट शक्य होतो.

हीच सोय आपल्या बाजूने वळवता येते. लग्नाचे अल्बम करणाऱ्याला लेअर, ॲडजस्टमेंट्स, ॲक्शन आणि हिस्टरी समोर हवीत. फ्लेक्स करणाऱ्याला कॅरेक्टर आणि पॅराग्राफ. बाकीची पॅनेल बंद करायची, हवी ती एकमेकांखाली अडकवायची, आणि ‘न्यू वर्कस्पेस’ म्हणून नाव द्यायचं. त्या खिडकीत कीबोर्ड शॉर्टकट, मेन्यू आणि टूलबार अशा तीन चौकटी असतात. त्यावर खूण केली तरच त्या गोष्टी मांडणीसोबत जतन होतात, आणि पुष्कळ जण नेमकं हेच विसरतात. एखादं टूलच नाहीसं झालं असेल, तर टूलबारच्या खालच्या टोकाला तीन ठिपके दिसतात. तिथून ‘एडिट टूलबार’ उघडून ‘रिस्टोर डीफॉल्ट्स’ करावं. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘लॉक वर्कस्पेस’ही आहे, ज्यामुळे चुकून ओढल्याने पॅनेल जागचं हलत नाही. अनेकांचा हात लागणाऱ्या संगणकावर ते चालूच ठेवावं.

मांडणी पीएसडी फाइलसोबत जात नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. पुण्याच्या ऑफिसात लावलेली पॅनेल घरच्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली म्हणून दिसणार नाहीत. तिथे पडद्याचाही प्रश्न येतो. फोटोशॉपच्या किमान गरजांमध्ये १२८० बाय ८०० पिक्सेलचा पडदा सांगितलेला आहे आणि स्वस्त लॅपटॉपचा १३६६ बाय ७६८चा पडदा उंचीला त्यातही कमी पडतो. टूलबार खाली कापला जात असेल, तर त्याच्या वरच्या टोकाच्या दुहेरी बाणावर क्लिक करून दोन रांगा कराव्यात. दुसऱ्या मॉनिटरवर ठेवलेलं पॅनेल तो मॉनिटर काढल्यावर सापडेना, तरीही उपाय वर्कस्पेस रीसेट हाच.

फोटोशॉपऐवजी काही जण गिंप हा मोफत प्रोग्राम वापरतात. तो फुकट आहे म्हणून त्याच्या खिडक्या विखुरतात, हा समज मात्र आता मागे टाकायला हवा. एकाच खिडकीत काम करण्याची सोय २०१२च्या २.८ आवृत्तीत आली आणि २०१८च्या २.१०पासून तीच मूळ पद्धत झाली. कधी खिडक्या सुट्या झाल्याच, तर ‘विंडोज’ मेन्यूत ‘सिंगल-विंडो मोड’वर खूण करावी. टॅबने इथेही डॉक, म्हणजे पॅनेलचे गट, लपतात आणि येतात. बंद झालेले डॉक ‘रिसेंटली क्लोज्ड डॉक्स’मध्ये मिळतात, ही सोय फार चांगली आहे. सगळंच विस्कटलं तर प्रेफरन्सेसमधल्या ‘विंडो मॅनेजमेंट’मध्ये जतन केलेल्या जागा मूळपदावर नेणारं बटण आहे. त्याचा परिणाम गिंप बंद करून पुन्हा उघडल्यावर दिसतो, लगेच नाही. म्हणून बटण चालत नाही असा ग्रह होतो. नावाने मांडण्या जतन करण्याची सोय गिंपमध्ये नाही, पण सगळी मांडणी ‘सेशनआरसी’ या एका छोट्या फाइलीत असते. तिची प्रत ठेवली की काम भागतं. २०२०मध्ये २.१०.१८ आवृत्तीने टूल गटांत एकत्र केली, तेव्हा अर्धी टूल काढून टाकली असं अनेकांना वाटलं. ती तिथेच आहेत. चिन्हावर क्लिक दाबून धरलं की दिसतात, आणि गट नको असतील तर प्रेफरन्सेसच्या ‘टूलबॉक्स’ विभागातून बंद करता येतात.

फोटो एडिटिंग शिकवणाऱ्या क्लासचालकांना एक विनंती. पहिल्या दिवशी लेअर आणि क्रॉपच्या आधी दहा मिनिटं ‘विंडो’ मेन्यूला द्या. विद्यार्थ्यांकडून सगळी पॅनेल मुद्दाम बंद करून घ्या, त्यांनाच ती परत आणायला लावा, आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं वर्कस्पेस जतन करूनच उठू द्या.