तोंडातली लाळ नेमकं काय काम करते?

गंगाखेडच्या घराघरांत ज्वारीची भाकरी रोजचीच. तिचा कोरडा घास मिनिटभर नुसता चावत राहा, तो गोडसर लागू लागेल. हा गोडवा येतो कुठून? लाळेतलं अमायलेज हे विकर ज्वारीतल्या पिष्टाची साखर करतं. म्हणजे पचनाची सुरुवात पोटात नाही, तोंडातच होते.

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात जवळपास ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या एका टक्क्यात खरी करामत आहे.

गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल बनवतात आणि दातांचं कवच झिजू लागतं. लाळ हे आम्ल सौम्य करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरवून ही बारीक झीज भरून काढते. तिच्यातलं लायसोझाइम जिवाणूंशी लढतं. झोपेत लाळ कमी होते, म्हणूनच रात्री दात घासणं महत्त्वाचं.

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. शरीरातलं पाणी घटलं की तोंडाला कोरड पडते. मधुमेह आणि काही औषधांमुळेही असं होतं. अशा वेळी सुपारी चघळली तर लाळ सुटते आणि बरं वाटतं. पण सुपारीतले घातक घटक त्याच लाळेत विरघळून गालाच्या आतल्या नाजूक आवरणात शिरतात. ते कडक होत जातं, तोंड पूर्ण उघडेनासं होतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारीही निर्धोक नाही.

त्यापेक्षा घोट घोट पाणी प्या, बडीशेप चघळा. कोरड आठवडे उलटूनही जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.