विश्लेषण : जॉर्जिया की आर्मेनिया? क्रांतीनंतर व्यवसाय, वास्तव्य आणि पर्यटनासाठी कोणता देश सरस?

एकमेकांना खेटून असलेले दोन छोटे देश. दोन्ही पूर्वी सोव्हिएत संघात होते आणि दोन्हीकडे रक्तपाताशिवाय क्रांती झाली, जॉर्जियात २००३ मध्ये आणि आर्मेनियात २०१८ मध्ये. आज वैद्यकीय शिक्षण, स्वस्त परदेशवारी आणि ‘कमी कराचा देश’ म्हणून भारतीयांच्या मोबाइलवर या दोन्ही नावांच्या जाहिराती सतत झळकतात. पण भारतीय पासपोर्ट हाती असलेल्याला इथे नेमके काय मिळते?

दोन क्रांत्यांनी काय बदलले?

नोव्हेंबर २००३ मध्ये निवडणुकीतील गैरप्रकारांविरोधात तिब्लिसीत लोक रस्त्यावर उतरले. आंदोलक गुलाब घेऊन संसदेत शिरले आणि २३ नोव्हेंबरला अध्यक्ष एदुआर्द शेवर्दनाझे यांनी राजीनामा दिला. पुढे सत्तेवर आलेल्या मिखाइल साकाश्विली यांनी लाचखोरीसाठी बदनाम असलेले वाहतूक पोलीस दलच बरखास्त केले आणि सुमारे १५ हजार जणांना एका फटक्यात घरी पाठवले. करांचे प्रकार २१ वरून सहा-सातवर आले. जन्मदाखला, पासपोर्ट, मालमत्ता नोंदणी अशी कामे एकाच छताखाली करणारी सेवा केंद्रे उभी राहिली.

आर्मेनियात एप्रिल २०१८ मध्ये सेर्झ सार्गस्यान यांनी अध्यक्षपदाची मुदत संपताच पंतप्रधानपद घेतले आणि लोक भडकले. सार्गस्यान यांनी २३ एप्रिलला पद सोडले. ८ मे रोजी आंदोलनाचे नेते, पूर्वाश्रमीचे पत्रकार निकोल पाशिन्यान पंतप्रधान झाले.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात १०० पैकी जितके गुण अधिक, तितका कारभार स्वच्छ मानला जातो. २०१८ मध्ये जॉर्जियाला ५८, तर आर्मेनियाला ३५ गुण होते. २०२४ मध्ये जॉर्जिया ५३ वर घसरला आणि आर्मेनिया ४७ वर चढला. त्या वर्षी भारताचे गुण ३८ होते. म्हणजे जॉर्जिया पुढे असला तरी त्याची घसरण सुरू आहे, आर्मेनिया मागून वर येत आहे.

व्यवसायासाठी कोण पुढे?

जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ अहवालाच्या २०२० च्या आवृत्तीत जॉर्जिया सातव्या, तर आर्मेनिया ४७ व्या स्थानी होता. काही अन्य देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळल्याने बँकेने २०२१ मध्ये हा अहवालच बंद केला. तरीही सल्लागार कंपन्या तो सातवा क्रमांक आजही दाखवतात.

जॉर्जियात कंपनीची नोंदणी एका दिवसात होते. कंपनीने नफा व्यवसायातच ठेवला तर त्यावर कर नाही. तो भागधारकांना वाटताना १५ टक्के कंपनी कर आणि लाभांशावर ५ टक्के कर लागतो. ‘लघु व्यवसाय’ दर्जा मिळालेल्या एकल व्यावसायिकाला वार्षिक पाच लाख लारींपर्यंतच्या उलाढालीवर एक टक्का कर आहे. एक लाख लारी कमावले तर कर एक हजार लारी, असा हा सोपा हिशेब.

पण त्यात तीन खाचाखोचा आहेत. एक, सल्लागार सेवेसह काही व्यवसायांना ही सवलत नाही. दोन, मार्च २०२६ पासून परदेशी नागरिकाला नोकरीच नव्हे, तर स्वयंरोजगारासाठीही काम करण्याचा परवाना घ्यावा लागतो. तीन, करांच्या दृष्टीने तुम्ही भारताचे रहिवासी राहिलात, तर परदेशातील उत्पन्नही भारतातील विवरणपत्रात दाखवावे लागते.

आर्मेनियात कंपनी कर १८ टक्के आणि व्हॅट २० टक्के आहे (जॉर्जियात व्हॅट १८ टक्के). कर जास्त असले तरी आयटी क्षेत्र भक्कम आहे. फोटो संपादनाचे ‘पिक्सआर्ट’ हे ॲप मूळचे इथलेच. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी शोधणाऱ्याने म्हणूनच येरेव्हानचा विचार आधी करावा.

मालाच्या व्यापारात फरक भूगोलाचा आहे. जॉर्जियाला काळ्या समुद्रावर पोती आणि बातुमी ही बंदरे आहेत, युरोपीय संघ आणि चीन या दोघांशी मुक्त व्यापार करार आहेत. आर्मेनियाला समुद्र नाही. तुर्कस्तानने १९९३ मध्ये बंद केलेली सीमा आणि अझरबैजानशी असलेले वैर यामुळे चारपैकी दोन शेजाऱ्यांचे दरवाजे दशकानुदशके बंद राहिले. रशियाच्या नेतृत्वाखालील युरेशियन आर्थिक संघाचे सदस्यत्व (२०१५ पासून) ही त्याची जमेची बाजू. पण रशियाकडे जाणारा त्याचा मालही जॉर्जियातूनच जातो.

राहणे आणि शिकणे कसे?

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये हजारो रशियन नागरिक या दोन्ही देशांत आले आणि तिब्लिसी व येरेव्हानमधील घरभाडी भडकली. त्याआधीच्या ‘अतिशय स्वस्त’ छापाच्या व्हिडिओंवर विसंबून बजेट आखू नये. दोन्हीकडे परदेशी व्यक्ती फ्लॅट घेऊ शकते, पण जॉर्जियात शेतजमीन घेता येत नाही आणि आर्मेनियातही परदेशी नागरिकांच्या जमीनमालकीवर कडक निर्बंध आहेत.

एमबीबीएससाठी जाणाऱ्यांनी देशापेक्षा आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम आधी वाचावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली हवी. त्यात कसर राहिली तर भारतात नोंदणी अडकते आणि पालकांचे लाखो रुपये पणाला लागतात. शिवाय व्याख्यान इंग्रजीत झाले तरी वॉर्डातला रुग्ण जॉर्जियन किंवा आर्मेनियनच बोलणार. दोन्ही भाषांची लिपीही वेगळी.

थंडीत घर गरम ठेवण्याची साधने हा गंभीर विषय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गुदाउरी या स्की-गावात एका भारतीय उपाहारगृहाच्या इमारतीत कार्बन मोनॉक्साइडमुळे १२ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक भारतीय होते. घर भाड्याने घेताना गॅस हीटरचा धूर बाहेर जातो का, हे स्वतः पाहणे आणि स्वस्तातला कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावणे जीव वाचवू शकते.

राजकीय जोखीम किती?

जॉर्जियाने २००८ मध्ये रशियाशी युद्ध अनुभवले. अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया आजही त्याच्या ताब्यात नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी २०२८ च्या अखेरीपर्यंत लांबणीवर टाकली आणि तिब्लिसीत पुन्हा आंदोलन पेटले. गुलाब क्रांतीचे नायक साकाश्विली २०२१ मध्ये मायदेशी परतताच तुरुंगात गेले.

आर्मेनियाने २०२० चे ४४ दिवसांचे युद्ध गमावले. २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन विस्थापित झाले. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अझरबैजानशी शांतता कराराच्या मसुद्यावर प्राथमिक स्वाक्षऱ्या झाल्या. भारताशी संरक्षण संबंधही वाढले आहेत. पुण्याच्या ‘एआरडीई’ने विकसित केलेली पिनाक रॉकेट यंत्रणा आर्मेनियाने घेतली आहे.

पर्यटनासाठी काय लक्षात ठेवावे?

‘जॉर्जियात वर्षभर व्हिसाशिवाय राहा’ ही सवलत सुमारे ९५ देशांना आहे. त्यात भारत नाही. भारतीयांना ई-व्हिसा लागतो. अमेरिका, शेंगेन आदींचा वैध व्हिसा असल्यास काही काळ सूट मिळते. जानेवारी २०२६ पासून आरोग्य विमाही सक्तीचा आहे. व्हिसा असूनही सीमेवरून परत पाठवल्याच्या तक्रारी भारतीय पर्यटकांनी केल्या आहेत. त्यामुळे हॉटेल आरक्षण, परतीचे तिकीट आणि विम्याची छापील प्रत जवळ ठेवावी. आर्मेनियासाठीही ई-व्हिसाची सोय आहे. दोन्ही देशांचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पाहावे.

पाहण्यासारखे दोन्हीकडे भरपूर आहे. जॉर्जियात काझबेगीचे पर्वत, स्वानेतीचे दगडी मनोरे आणि मातीच्या रांजणात वाइन मुरवण्याची परंपरा. आर्मेनियात गार्नीचे मंदिर, गेघार्डचा कातळात कोरलेला मठ, सेवान सरोवर आणि ५.७ किलोमीटरचा तातेव रोपवे. शाकाहारींनी जॉर्जियात लोबिओ (राजम्याची उसळ) आणि मचादी (मक्याची जाड भाकरी) मागावी. अक्रोडाचे वाटण भरलेली वांगीही आपल्या जिभेला परकी वाटत नाहीत.

जुने नातेही आहे. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या राणी केतेवानच्या अस्थी भारताने २०२१ मध्ये जॉर्जियाला भेट दिल्या. मुंबईच्या फोर्टमधील आर्मेनियन चर्च तिथल्या व्यापाऱ्यांची आठवण सांगते.

मग निवड कशी करावी?

छोटा व्यवसाय किंवा आयात-निर्यात असेल तर जॉर्जिया, पण कामाचा परवाना आधी. आयटी नोकरीसाठी आर्मेनिया. शिक्षणासाठी देश नव्हे, विद्यापीठ निवडा. सहलीसाठी दोन्ही जोडता येतात. तिब्लिसी ते येरेव्हान रस्त्याने पाच-सहा तासांचा प्रवास आहे. मात्र दोनदा सीमा ओलांडायची असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा आहे ना, हे आधी तपासा.